घशातल्या बोळ्याची गोष्ट

आमच्या मंडळातल्या एका वहिनींचं गेल्या वर्षी नाकाचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मला त्यांचा फोन. "अगं, ऑपरेशन नाकाचं आणि दुखतोय घसा! आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी येतंय. यांनी माझ्या घशात नेमकं केलं तरी काय?" मी तीस-बत्तीस वर्षं या देशातल्या इस्पितळांत भूल देण्याचं काम केलं. आता निवृत्त झाले, तरी असे फोन माझ्याकडेच येतात. मी म्हटलं, "वहिनी, घरी सोडताना दिलेला कागद जवळ आहे ना? त्यात 'थ्रोट पॅक' असे दोन शब्द कुठे दिसतात का बघा." त्यांनी चष्मा शोधला, कागद शोधला. शब्द होते.

थ्रोट पॅक म्हणजे घशात मागे बसवलेला गॉजचा बोळा. लांब पट्टीसारखी गॉज घ्यायची, सलाइनमध्ये भिजवून पिळायची, आणि रुग्णाला भूल चढून श्वासनलिकेत नळी बसली की त्या नळीभोवती, जिभेच्या मागे, थोडी थोडी करून भरायची. नाकाचं, दातांचं, जबड्याचं ऑपरेशन चालू असताना वरून ओघळणारं रक्त किंवा दाताचा तुकडा खाली जाऊ नये म्हणून. काम संपलं की आधी बोळा काढायचा, मग नळी. एवढंच. पण या एवढ्याशा बोळ्याला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला एक दिवस माझाही आहे. तो पुढे सांगते.

आधी एक साधी गोष्ट. जेवताना बोलता बोलता घास चुकीच्या वाटेला गेला की आपल्याला ठसका लागतो. आई पाठीवर थापट्या मारते, "वर बघ, वर बघ" म्हणते. हा ठसका म्हणजे शरीराने श्वासनलिकेच्या दारात बसवलेला गुरखा आहे. अन्नाचा कण, पाण्याचा थेंब, काहीही आत शिरू लागलं की तो आरडाओरडा करून बाहेर हाकलतो. भूल दिली की वेदना जाते, त्याबरोबर हा गुरखाही झोपतो. भुलीचे फायदे सगळ्यांना माहीत असतात, पण ही तिची अडचण आम्हा भूल देणाऱ्यांना रोज सांभाळावी लागते.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टनने ईथर देऊन दाखवलं. दोन महिन्यांत ते लंडनला पोचलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स सिम्पसनने क्लोरोफॉर्म आणलं. आणि लगेच, २८ जानेवारी १८४८ ला, न्यूकॅसलजवळच्या एका गावात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली गेली. तिला शुद्धीवर आणायच्या घाईत तोंडात पाणी आणि ब्रँडी ओतली होती. सिम्पसनचं म्हणणं, मुलगी क्लोरोफॉर्मने नाही, त्या ब्रँडीपाण्याने गुदमरून गेली. जॉन स्नोचं म्हणणं (हा तोच स्नो, ज्याने लंडनमध्ये पुढे कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवलं) की मुलगी क्लोरोफॉर्मनेच गेली. सिम्पसन आपल्या औषधाची बाजू घेत होता हे उघड आहे. पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं पोटातच जाईल असं नाही, हा त्याचा मुद्दा मात्र खरा होता.

मग प्रश्न आला तोंडातल्या आणि घशातल्या ऑपरेशनांचा. पायाचं किंवा हाताचं ऑपरेशन असेल तर रक्त जमिनीवर सांडतं. जिभेची गाठ काढायची तर ते सरळ फुफ्फुसात. म्हणून शल्यविशारद अशा रुग्णाला खुर्चीत बसवून, अर्धवट भूल देऊन, घाईघाईने काम उरकायचे. अधूनमधून त्याला ठसकू द्यायचं, पुन्हा थोडं क्लोरोफॉर्म. कल्पना करा! दुसरा मार्ग होता गळ्याला बाहेरून भोक पाडून श्वासनलिकेत नळी घालण्याचा. जर्मनीत फ्रिडरिश ट्रेंडेलेनबुर्गने १८७१ च्या सुमारास या नळीला बाहेरून रबराचा छोटा फुगा बसवला. तो फुगला की वरून येणारं रक्त तिथेच अडायचं. युक्ती चांगली, पण त्यासाठी रुग्णाच्या गळ्यावर एक आख्खं जादा ऑपरेशन.

इथे आपल्या गोष्टीचा खरा नायक येतो. विल्यम मॅकएवेन, ग्लासगो रॉयल इन्फर्मरीचा सर्जन, वय तीस. त्याच्याकडे एक पंचावन्न वर्षांचा गिलावा करणारा कारागीर आला, जिभेच्या मुळाशी आणि घशात कॅन्सरची गाठ. मॅकएवेनच्या मनात आलं, गळा कापण्यापेक्षा तोंडातूनच नळी घातली तर? आज हे ऐकून काहीच वाटत नाही, कारण रोज जगभर हजारो वेळा हेच होतं. पण तेव्हा थेट घशात बघून नळी घालता येईल असा लॅरिंगोस्कोप नव्हता, स्नायू सैल करणारी औषधं नव्हती. त्याने आधी प्रेतांवर सराव केला. मग त्या कारागिरावर, तो पूर्ण जागा असताना, तोंडात बोट घालून, चाचपडत नळी श्वासनलिकेत सरकवण्याची रंगीत तालीम केली. त्या माणसाच्या सोशिकपणाचं मला मॅकएवेनच्या हुशारीइतकंच कौतुक वाटतं. ५ जुलै १८७८ रोजी नळी बसली, नळीतून क्लोरोफॉर्म सुरू झालं, आणि स्वरयंत्राच्या तोंडाशी, नळीभोवती, मॅकएवेनने स्पंज ठासून बसवला. रक्त खाली उतरलं नाही. गाठ निघाली. १८८० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याने हा अनुभव छापला. नळीचा मान त्याला सगळी पुस्तकं देतात. त्या स्पंजचा उल्लेख पुस्तकात अर्ध्या ओळीत आटपतो. पण तो स्पंज नसता तर ती नळी निम्मी निरुपयोगी होती, कारण बाजूने रक्त गेलंच असतं.

पुढे कासेलच्या फ्रान्झ कून या जर्मन डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाकणाऱ्या धातूच्या नळ्या केल्या आणि त्यांच्याभोवती तेलात भिजवलेली गॉज भरायला सुरुवात केली. त्याने १९११ मध्ये या विषयावर पुस्तकच लिहिलं. पण जर्मनीतल्या मोठ्या मंडळींनी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

लक्ष द्यायला पहिलं महायुद्ध यावं लागलं. खंदकातून डोकं वर काढलं की गोळी तोंडावर. जबडे उडालेले, नाकं गेलेली तरुण मुलं इंग्लंडला परत येऊ लागली. लंडनच्या जवळ सिडकपला १९१७ साली क्वीन्स हॉस्पिटल उघडलं आणि तिथे हॅरोल्ड गिलीज या सर्जनने त्यांचे चेहरे पुन्हा घडवायला घेतले. पाच हजारांहून जास्त सैनिक आणि अकरा हजारांवर ऑपरेशनं.

इथे थोडं विषयांतर करते, पण पुण्याच्या वाचकांना ते आवडेल. कपाळावरच्या कातडीतून नाक घडवायची जी पद्धत गिलीजसारख्यांच्या हातात होती, ती युरोपला कळली पुण्याहून. टिपू सुलतानाशी १७९२ साली झालेल्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैल हाकणारा टिपूच्या सैन्याच्या हाती लागला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका वीटवाल्याने, कुठल्याही मेडिकल कॉलेजात न गेलेल्या माणसाने, त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ही हकीकत चित्रासह छापली. ती वाचून १८१४ साली लंडनमध्ये जोसेफ कार्प्यूने तसं ऑपरेशन करून दाखवलं. कावसजीला भूल मिळाली नव्हती, भूल तेव्हा अस्तित्वातच नव्हती. त्याने काय सोसलं असेल ते तोच जाणे. पण त्याचा ठसका जागा होता. घशात रक्त आलं तर तो ते थुंकू शकत होता. त्याला बोळ्याची गरज नव्हती.

सिडकपच्या सैनिकांना होती. तिथे भूल द्यायला आयव्हन मॅगिल आणि स्टॅनली रोबॉथम हे दोन तरुण डॉक्टर लागले. सुरुवातीला एका बारीक नळीतून ईथरची वाफ श्वासनलिकेत फुंकायची पद्धत होती. ती वाफ परत बाहेर यायची ती रक्ताच्या शिंतोड्यांसह, सर्जनच्या तोंडावर! रुग्णाबरोबर सर्जनलाही गुंगी. मग या दोघांनी श्वास बाहेर येण्यासाठी वेगळी नळी घातली आणि घसा गॉजने भरून टाकला. पुढे मॅगिलने रबरी नळीच्या गुंडाळीतून तुकडे कापून एकच रुंद नळी केली. गुंडाळीमुळे तिला आपोआप बाक यायचा, तो घशाच्या वळणाला नेमका बसायचा. १९२० साली त्याने एक वाकडा चिमटा छापून जाहीर केला, नळीचं टोक घशात वळवण्यासाठी. मॅगिल फोर्सेप्स. आजही जगातल्या प्रत्येक भुलीच्या ट्रॉलीवर तो असतो, आणि बोळा घालायला आणि काढायला तोच वापरतात.

आता कोणी विचारेल, नळीलाच फुगा लावला तर बोळा कशाला? बरोबर. अमेरिकेत आर्थर ग्वेडेल आणि राल्फ वॉटर्स यांनी १९२८ साली तेच केलं. लोकांना पटवायला ग्वेडेलने एका कुत्र्याला भूल दिली, फुगेवाली नळी घातली आणि त्याला चक्क पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलं. फुफ्फुसात थेंबही गेला नाही. बाहेर काढल्यावर कुत्रा जागा झाला, अंग झटकलं आणि स्वस्थ. त्याचं नाव 'एअरवे' होतं.

खरं तर तिथेच बोळ्याचं काम संपायला हवं होतं. संपलं नाही, आणि त्याला कारणंही होती. जुन्या लाल रबरी नळ्या धुऊन पुन्हा पुन्हा वापरायच्या, फुगे गळायचे. ते टणक असायचे, आतून श्वासनलिकेला इजा करायचे. लहान मुलांच्या नळ्यांना तर अगदी अलीकडेपर्यंत फुगा नसायचाच. शिवाय फुगा असतो खाली, स्वरयंत्राच्या पलीकडे. रक्त त्याच्या वर साचून राहतं आणि शेवटी फुग्यातली हवा काढली की खाली उतरू शकतं. पडजिभेच्या मागे, टाळूच्या वर, एक गुठळी लपून बसते. तिला आमच्या भाषेत 'कॉरोनर्स क्लॉट' म्हणतात. कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, आपल्या मुंबईतही पूर्वी असायचा. ती गुठळी ऑपरेशननंतर घसरून श्वास अडला तर ती पुढे त्याच्याच तपासात सापडते, म्हणून हे नाव. तेव्हा बोळा असलेला बरा, असं सगळ्यांना वाटे. आणखी एक समजूत होती, की पोटात रक्त गेलं की ऑपरेशननंतर उलट्या होतात आणि बोळ्याने त्या थांबतात. आम्ही शिकलो तेव्हा वरिष्ठांनी असंच सांगितलं, आम्ही आमच्या कनिष्ठांना असंच सांगितलं. तपासून कोणी बघितलं नव्हतं.

बोळ्याचा त्रास मात्र रोज दिसत होता. घसा खवखवणं हा सर्वात साधा. कोरड्या गॉजने टाळूची, घशाची त्वचा खरवडली जाते, फोड येतात. घट्ट भरला आणि ऑपरेशन लांबलं तर जीभ सुजते, घशातल्या नसा दबतात, गिळायला त्रास होतो. पण या सगळ्याच्या वर एक धोका आहे. बोळा आतच राहणे.

माझा तो दिवस. साल १९८६. मुंबईहून इकडे येऊन पाच वर्षं झाली होती. मिडलंड्समधलं एक इस्पितळ, शुक्रवारची दुपार, लांबलेली यादी. शेवटचा रुग्ण एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा, चार अक्कलदाढा काढायच्या होत्या. इंग्लंडमध्ये ऑपरेशन थिएटरच्या शेजारी भूल देण्याची वेगळी खोली असते. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना हे नवं वाटेल. मी त्या खोलीत नळी घातली, बोळा घातला, मग त्याला आत नेलं. म्हणजे थिएटरमधल्या सिस्टरने गॉज मोजून फळ्यावर लिहायच्या आधीच माझा बोळा आत गेलेला होता. तिच्या हिशोबात तो नव्हताच. मधे मला चहाला सोडायला दुसरे डॉक्टर आले, पंधरा मिनिटांनी मी परत आले. सर्जनने काम संपवलं, तोंडातून एक गॉज ओढून काढली आणि बादलीत टाकली. ती त्याची स्वतःची, गालात ठेवलेली गॉज होती. मी ती बघितली आणि डोक्यात नोंद झाली, 'बोळा निघाला.'

नळी काढली. मुलाची छाती वरखाली होत होती, पण मास्कमध्ये वाफ धरत नव्हती. छाती आत ओढली जातेय, पोट वर येतंय. मला वाटलं स्वरयंत्राची आकडी असेल, ती कधी कधी येते. ऑक्सिजनचा दाब दिला. हवा जाईना. ओठ निळे होऊ लागले. मी आकडीचं औषध मागितलं, आणि माझ्या शेजारी उभा असलेला मदतनीस, साठीला आलेला इंग्रज गृहस्थ, अगदी हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर, पॅक काढला का?"

मॅगिलचा चिमटा घातला आणि ओढला. ती पट्टी येतच राहिली, येतच राहिली. मग त्याने जो श्वास घेतला त्याचा आवाज मी अजून विसरलेले नाही. सगळं मिळून दोन-अडीच मिनिटं झाली असतील. संध्याकाळी तो आइस्क्रीम खात होता.

केसपेपरवर मी एक ओळ लिहिली: 'शुद्धीवर येताना तात्पुरता श्वासाला अडथळा, उपचारानंतर ठीक.' ओळ खोटी नव्हती. पण खरंही त्यात काही नव्हतं. वरिष्ठ म्हणाले, मुलगा ठीक आहे ना, मग कशाला वाढवतेस. त्या मुलाला मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो मला "थँक यू, डॉक्टर" म्हणून गेला. परदेशात, नोकरी दर सहा महिन्यांनी नव्याने मागायची, त्या काळात मी तोंड उघडलं नाही याची कारणं मला माहीत आहेत. ती पुरेशी होती असं मी म्हणत नाही.

मला तेव्हा वाटायचं, असा निष्काळजीपणा माझ्या एकटीच्याच हातून झाला असणार. तसं नव्हतं. बोळा घालतो भूलतज्ज्ञ, कधी सर्जन. काढायचा कोणी, हे ठरलेलं नाही. मोजणाऱ्या सिस्टरला पत्ता नाही. असे प्रसंग ठिकठिकाणी होत होते, काही ठिकाणी माणसं दगावली, आणि प्रत्येक जण माझ्यासारखी एक ओळ लिहून गप्प होता.

ते बदललं २००९ मध्ये, आणि त्यात एका आपल्या माणसाचा हात आहे. अतुल गावंडे हे नाव तुम्ही ऐकलं असेलच. बोस्टनचे सर्जन, जन्म न्यूयॉर्कचा, पण वडील विदर्भातल्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटाने २००८ मध्ये शस्त्रक्रियेची एक तपासणी यादी केली. एकोणीस मुद्दे, एका पानावर. भुलीच्या आधी, चिरा देण्याच्या आधी आणि रुग्ण थिएटरबाहेर जायच्या आधी सगळ्यांनी थांबून मोठ्याने विचारायचं. गॉज आणि हत्यारांचा हिशोब लागला का, हे त्यात आहेच. दिल्ली, लंडन, मनिला धरून आठ शहरांतल्या आठ इस्पितळांत ती वापरून बघितली. मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आलं. जानेवारी २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले, आणि त्याच महिन्यात इंग्लंड आणि वेल्समध्ये ही यादी लागू करण्याचा आदेश निघाला. पहिल्यांदा ती मोठ्याने वाचताना आमच्या थिएटरमध्ये एक-दोन ज्येष्ठ सर्जननी डोळे फिरवले होते, हेही सांगायला हवं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये इथल्या नॅशनल पेशंट सेफ्टी एजन्सीने (ही संस्था २०१२ साली बंद झाली) खास घशातल्या बोळ्याबद्दल सूचना काढली. बोळा का घातला याचं कारण लिहा. तो आत आहे हे डोळ्यांना दिसेल असं काहीतरी करा, म्हणजे रुग्णाच्या कपाळावर किंवा नळीवर चिठ्ठी चिकटवा, बोळा नळीला बांधा किंवा त्याचं टोक तोंडाबाहेर ठेवा. आणि घालताना, काढताना दोन माणसांनी बघून नोंद करा, किंवा फळ्यावर लिहा. मी ती सूचना कॉफी रूममध्ये उभ्या उभ्या वाचली. कपाळावरच्या चिठ्ठीपाशी येऊन थांबले. एका कागदाच्या तुकड्याने १९८६ सालचं काम भागलं असतं.

आणि मुळात तो बोळा लागतो का? हा प्रश्न विचारायला आणखी काही वर्षं गेली. २००६ मध्ये 'अ‍ॅनेस्थेशिया' या मासिकात नाकाच्या ऑपरेशनांवरचा एक अभ्यास आला होता. काहींना बोळा, काहींना नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. उलट्यांत फरक पडला नाही. घसा मात्र बोळेवाल्यांचा पहिल्या काही तासांत जास्त दुखला. २०१८ साली त्याच मासिकात तीन ब्रिटिश संघटनांनी मिळून आतापर्यंतचे सगळे अभ्यास तपासले. अवघड श्वासमार्गाचा विचार करणाऱ्या भूलतज्ज्ञांची संघटना, जबड्याच्या सर्जनची आणि कान-नाक-घशाच्या सर्जनची. निष्कर्ष असा, की भूलतज्ज्ञाने प्रौढ रुग्णाला सरसकट बोळा घालण्याचा फायदा दाखवणारा पुरावा नाही, तेव्हा ती सवय सोडावी. सर्जनला खास कारण असेल, खूप रक्त जायचं असेल, तर जरूर घालावा, पण इतर गॉजसारखा मोजून. मॅकएवेनला १८७८ साली तो हवाच होता, कारण त्याच्या नळीला फुगा नव्हता. आम्ही फुगा आल्यानंतरही तो घालत राहिलो, नव्वद वर्षं.

माझ्या एका जुन्या सर्जन मित्राला हे अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, पुरावा नाही म्हणजे फायदा नाही असं होत नाही. त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे. हे अभ्यास लहान आहेत, आणि गंभीर घटना मुळात इतक्या क्वचित होतात की लहान अभ्यासात त्या सापडणारच नाहीत. आमचा वाद दर भेटीत होतो.

तर वहिनींना मी यातलं सगळं काही सांगितलं नाही. बोळा का घातला असेल ते सांगितलं. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा, थंड दूध घ्या, चार-पाच दिवसांत घसा बरा होईल, नाही झाला तर डॉक्टरला दाखवा. त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, पण काढलाय ना तो नक्की?"

मी त्यांना कागदावरची पुढची ओळ वाचायला लावली. त्यांनी एकेक अक्षर लावून वाचली. पॅक घातल्याची वेळ, काढल्याची वेळ, आणि पुढे दोन सह्या.